साडेआठच्या आत

१८ डिसेंबर २०१९, बुधवार. दाबोळी.

पहाटे ३.१०

चिखलीतल्या आमच्या खोलीतून धावपट्टी दिसत नाही, पण तिथे काय चाललंय ते भिंतीतून कळतं. हंगामात या वेळेला एखादं रशियन चार्टर परत निघतं, खिडकीची काच थरथरते आणि मी उठतो. गजर त्यानंतर वाजतो. कोरा चहा, दोन बिस्किटं, अंगात पिवळं जॅकेट, गळ्यात पास. पास तीनदा चाचपून बघतो. तो विसरला तर आल्या पावली परत यावं लागतं. त्या गेटवर ओळखदेख चालत नाही, आणि चालू नयेच.

मी रॅम्प सुपरवायझर आहे. विमान येऊन थांबल्यापासून परत सुटेपर्यंत त्याच्याभोवती जी माणसं धावत असतात, चाकाला चोक लावणारी, शिडी लावणारी, सामान काढणारी-भरणारी, ट्रॅक्टर चालवणारी, त्यातल्या बारा जणांची गँग माझ्याकडे आहे. मूळचा मी सुरतचा, म्हणजे उधन्याचा, आणि उधन्याचा म्हणजे मुळात खान्देशातला. वडील शिंदखेड्याहून ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला गेले आणि लूमवर लागले. सुरतेच्या विमानतळावर मी तीन वर्षं काढली. २०१५ साली इकडे आलो.

३.५०

गेटवर रांग. सीआयएसएफचा जवान पास बघतो, चेहरा बघतो, बोटाचा ठसा घेतो, डबा उघडायला लावतो.

सुरतेहून आलो तेव्हा इथली एक गोष्ट समजायला मला महिना लागला. सुरतेला विमानतळ म्हणजे विमानतळ. टर्मिनल, टॉवर, धावपट्टी, सगळं भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे. इथे तसं नाही. धावपट्टी नौदलाची, टॉवरमधला आवाजही नौदलाचा. हे आयएनएस हंसा आहे, नौदलाचा हवाई तळ. त्याच्या कडेला टर्मिनल आणि विमानं उभी करायचा एप्रन एवढा तुकडा नागरी वाहतुकीला दिलेला. गेल्या वर्षी या तुकड्यातून ८० लाखांहून जास्त माणसं आली-गेली. आम्ही सगळे त्या तुकड्यातले.

४.१५

फॉड वॉक. बारा जण हाताच्या अंतरावर एका रांगेत उभे राहतो आणि माना खाली घालून आमच्या वाट्याचे बे, म्हणजे विमानं उभी राहायच्या जागा, चालत जातो. विमानाच्या इंजिनात जाऊ शकेल असं जे काही सापडेल ते उचलायचं. आज सापडलं ते असं: ट्रॉलीच्या चाकाचा एक नट, बॅगेची तुटलेली प्लॅस्टिकची कडी, पेनाचं टोपण, बोटभर लांबीची तार. सगळं पिवळ्या डब्यात.

नवीन मुलांना हे काम कमीपणाचं वाटतं. मी त्यांना नट हातात धरायला देतो. एवढासा नट, तोळ्या-दोन तोळ्यांचा. जेट इंजिन सुरू असताना समोरची हवा ज्या जोराने आत ओढतं त्यात हा गेला तर पाती फाटतात. पलीकडे, कुंपणाच्या आत, नौदलाची मुलंही आपल्या विमानांसमोर असंच चालत असतात. त्यांची-आमची ओळख नाही. एकच डांबर दोन्ही बाजूंनी साफ होत असतं, इतकंच.

५.००

पहिली लाट. रात्री मुक्कामाला राहिलेली विमानं आधी निघतात, मुंबई, दिल्ली, बेंगळुरू. मग येणारी उतरू लागतात. अंधार असतो. हातातल्या पेटत्या कांड्यांनी मार्शलर विमानाला ओळीत आणतो. कांड्या फुलीसारख्या जुळल्या की विमान थांबलं.

या वेळेला मला २७ डिसेंबर २०१६ आठवतोच. पहाटे पाचच्या सुमाराला जेट एअरवेजचं मुंबईला निघालेलं बोइंग उड्डाण घेता घेता धावपट्टीवरून घसरलं आणि गर्रकन फिरून गवतात जाऊन बसलं. पुढचं चाक मोडलं. आत १६१ माणसं होती. घसरगुंड्यांवरून उतरताना काही जणांना दुखापत झाली, पण सगळी जगली. सकाळभर विमानतळ बंद होता. आता तर ती जेट एअरवेजच राहिली नाही, एप्रिलमध्ये बंद पडली. तिथली तीन मुलं आज माझ्या गँगमध्ये आहेत. त्यातला एक पहिले कित्येक दिवस सवयीने जुन्याच कंपनीचं नाव वॉकी-टॉकीवर घ्यायचा. कोणी हसलं नाही.

६.५०

पूर्वेला झुआरीच्या बाजूने उजाडतं. दोन विमानांच्या मध्ये आम्हाला चार मिनिटं मिळतात. ट्रॅक्टरवरचे काका चिखलीचेच, तीन पिढ्यांपासूनचे. ते बिडी ओढत नाहीत, नुसती कानाला लावून ठेवतात, कारण इथे काडी पेटवायची सोय नाही. आज त्यांनी स्वतःहून विषय काढला. “आयजच्या दिसा बॉम्ब पडले न्हय रे हांगा.”

खरंच. १८ डिसेंबर १९६१, सोमवार. सकाळी भारतीय हवाई दलाची बारा कॅनबेरा विमानं याच धावपट्टीवर आली. विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी काही मिनिटांत ६३ हजार पौंडांचे बॉम्ब टाकले, नंतर आणखी आठ कॅनबेरांची दुसरी खेप आली. आज्ञा अशी होती की धावपट्टी फोडा, पण टर्मिनल आणि टॉवर वाचवा. पुढे कोणीतरी हे वापरणार आहे, असा विचार त्या सकाळीही कोणाच्या तरी डोक्यात होता. मला ही आज्ञा फार मोलाची वाटते. ती विमानं उडाली होती पुण्याच्या लोहगावहून. गोव्यातलं बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवणारी हंटर विमानं निघाली बेळगावच्या सांबऱ्याहून. लोहगाव, सांबरा, दाबोळी. तिन्ही ठिकाणी आज प्रवासी बॅगा ढकलत असतात. यंदाच ऑक्टोबरमध्ये दिल्लीजवळच्या हिंडन तळावरूनही प्रवासी विमान सुरू झालं.

काकांच्या आजीने सांगितलेली गोष्ट अशी की ती विहिरीवर होती, पोहरा अर्ध्यावर होता आणि पाण्यावर आपोआप लाटा उठल्या. आवाज त्यानंतर आला. त्या रात्री पोर्तुगीजांनी फुटलेल्या धावपट्टीची जमेल तेवढी डागडुजी केली आणि दोन प्रवासी विमानं अंधारात उडवून कराचीकडे नेली. दुसऱ्या दिवशी गोवा मुक्त झाला.

लोक समजतात दाबोळी मुळात लष्करी तळ होता आणि नंतर तो प्रवाशांना खुला झाला. उलट आहे. हा बांधलाच प्रवासी विमानांसाठी, पोर्तुगीज सरकारने, १९५५ साली. त्यामागची कथा माझ्या गावाकडून सुरू होते. १९५४ साली सिल्वासा मुक्त झालं. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसं त्या लढ्यात होती. सुरतेच्या खाली दादरा नगर हवेली पोर्तुगीजांच्या हातून गेली आणि भारताने गोवा, दमण, दीवची नाकेबंदी आवळली. जमिनीवरचा रस्ता बंद झाल्यावर त्यांनी हवेतून रस्ता काढला. दाबोळी, दमण, दीव अशा तिन्ही ठिकाणी धावपट्ट्या आणि स्वतःची विमान कंपनी. मुक्तीनंतर १९६२ साली हा विमानतळ नौदलाकडे आला. १९६४ साली कोइम्बतूरजवळच्या सुलूरहून हंसा इथे हलली. मग धावपट्टी दुरुस्त झाली, वाढली, इंडियन एअरलाइन्सची विमानं येऊ लागली. १९८७ साली पश्चिम जर्मनीहून पहिलं चार्टर उतरलं आणि गोव्याचं नशीबच फिरलं.

७.४०

आता बोलायला वेळ नाही. घड्याळ सगळ्यांच्या मनगटावर आहे, तरी सगळे सारखे टर्मिनलच्या घड्याळाकडे बघतात.

नियम असा: सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठ ते दुपारी एक हा वेळ नौदलाच्या सरावाचा. त्या वेळात नागरी विमानांना धावपट्टी बंद, आणीबाणी सोडून. म्हणून पहाटेपासूनची सगळी घाई या एका रेषेकडे धावत असते. आठ पंचवीसला सुटलं तर सुटलं. आठ एकतीस झाले तर एक वाजेपर्यंत माणसं बसून.

माझ्यासमोर एक बोइंग ७३७ आहे. प्रवासी चढताहेत. सामान भरून झालं, मागचं होल्ड बंद करायला मी हात वर केला, तेवढ्यात गेटवरून वॉकी-टॉकी: एक प्रवासी आलेला नाही. बॅग दिलेली आहे, बोर्डिंग पास घेतलेला आहे, माणूस नाही.

७.५२

माणूस विमानात नसेल तर त्याची बॅग विमानात जात नाही. ही सुरक्षेची अट आहे, तिला अपवाद नाही. टॅगचे शेवटचे सहा आकडे मी हातावर लिहून घेतो. सत्तर-ऐंशी बॅगांमधून एक शोधायची.

७३७च्या होल्डमध्ये उभं राहता येत नाही. दोन मुलं गुडघ्यांवर आत सरकतात, कपाळाला टॉर्च. आत उकडतं, थंडीच्या दिवसांतही. बॅगा दारापाशी आणून एकेक टॅग माझ्यासमोर फिरवतात, मी आकडे वाचतो, नाही, नाही, नाही. लाल बॅगा अठरा. सगळ्या लाल बॅगा एकसारख्या का असतात असं त्या वेळेला वाटतं. काजूच्या पेट्या, एक गिटार, लग्नाच्या कपड्यांची लांबडी पिशवी. बाहेर काढलेलं सगळं पुन्हा भरायचं आहे, आणि ते फेकून नाही, रचून, कारण वजन कुठे आहे यावर विमानाचा तोल ठरतो.

या घाईत मी ओरडत नाही. त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी आठ दहाला आमचा बेल्ट लोडर बंद पडला. मी मुलांवर ओरडत राहिलो, हातांनी भरा म्हणायचं मला सुचलं ते चार मिनिटं उशिरा. विमान साडेआठची रेषा चुकलं. आत एक गृहस्थ होते, वडील वारले म्हणून निघालेले. एक वाजता विमान सुटलं तोवर तिकडे सगळं उरकलं होतं. ते नंतर मला टर्मिनलच्या दारात दिसले. काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे जसं बघितलं ते मी विसरलेलो नाही, आणि चूक माझी होती.

८.०३

“सापडली!” आतून आवाज. बॅग लाल नव्हती, राखाडी होती. सामानाच्या यादीतून ती वजा, नवा आकडा कॅप्टनकडे, होल्ड परत भरायला सुरुवात.

८.१२

दार बंद. चोक काढले. टो-बार जोडला. पुशबॅक.

इथला एक क्षण मला या सगळ्या कामात सर्वांत आवडतो. विमान मागे ढकलून सरळ केलं, टो-बार सोडवला, की पुढच्या चाकातली एक खीळ काढायची असते. तिला लाल फीत लावलेली असते. ती खीळ काढून आमचा माणूस बाजूला जाऊन उभा राहतो आणि हात उंच करून कॅप्टनला दाखवतो, ही बघा, काढली, चाक आता तुमच्या ताब्यात. फीत वाऱ्यावर फडफडते. वरून काचेआड एक हात हलतो. एवढाच निरोप.

८.२६

उडालं. मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, फक्त पाण्याच्या बाटल्या उघडल्या.

८.३०

एप्रनवर शांतता. मिनिटभरच. मग पलीकडून पहिलं मिग-२९के इंजिन सुरू करतं.

तो आवाज कानाने ऐकायचा नसतोच, तो छातीत येतो. आम्ही कानावर मफ चढवतो. बघायला बंदी आहे असं नाही, पण फोन काढायला सक्त बंदी आहे. मुलांना पहिल्या दिवशी मी हेच सांगतो: डोळ्यांनी बघा, फोन खिशात. इथेच, हंसामध्ये, जहाजाच्या डेकसारखी चढती धावपट्टी बांधलेली आहे, वैमानिकांना जमिनीवर जहाजाची सवय व्हावी म्हणून. तिथेच याच सप्टेंबरच्या १३ तारखेला आपल्या देशी तेजसच्या नौदल आवृत्तीने शेपटीच्या हुकाने तार पकडून थांबायची पहिली चाचणी पार केली. आम्हाला दुसऱ्या दिवशी पेपरातून कळलं. झालं ते आमच्यापासून हाकेच्या अंतरावर.

पुष्कळ प्रवासी, आणि हॉटेलवालेही, या साडेचार तासांवर चिडतात. एवढी मोठी धावपट्टी, सकाळचा सोन्यासारखा वेळ, आणि विमानं बंद? मला त्यांचा राग समजतो, पण पटत नाही. त्याचं कारण उधन्यातल्या आमच्या खोलीत आहे.

वडील लूमवर लागले तेव्हा एका खोलीत आठ जण राहायचे, खाटा चार. चौघांची दिवसपाळी, चौघांची रातपाळी. सकाळी सातला रातपाळीची माणसं यायची तेव्हा दिवसपाळीची निघालेली असायची. एकाची गादी गार व्हायच्या आत दुसरा आडवा. वडील सांगतात, त्या आठ जणांत भांडण कधी खाटेवरून झालं नाही, झालं ते एकाने उठायला उशीर केला म्हणून. उठायची वेळ पाळली की खाट सगळ्यांना पुरते. गावाकडे पाटाचं पाणीही असंच असतं. पाळी चुकली की मारामाऱ्या, पाळी पाळली की दोन्ही शेतं भिजतात. नौदलाची मुलं ज्या वेळेत शिकतात ती त्यांची पाळी. तीत कधी जास्तीची विमानं घेता आली तर घ्यावीत, तसं बोलणं सरकारांमध्ये चालू असतं, चालू राहावं. पण ती पाळी फुकट जाते असं कोणी म्हटलं की मला वाटतं, यांनी कधी दुसऱ्याच्या गरम गादीवर झोपून बघितलेलं नाही.

९.२०

गेटबाहेर न्याहारी. पातळ भाजी, दोन पाव, मिरची भजी, चहा. टॅक्सीवाले एव्हाना रिकामे असतात. त्यांच्या बोलण्यात एकच विषय: मोपा. उत्तरेला पेडण्यात नवा विमानतळ व्हायचा आहे. मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरण परवानगी थांबवली, पण कायमची नव्हे. मोपा झाला तर दाबोळी बंद करतील का, हा प्रश्न प्रत्येक जण दुसऱ्याला विचारतो. वास्को, चिखली, बोगमाळो, मडगावपर्यंतची चूल या टर्मिनलवर पेटते. माझीही.

मला वाटतं ते स्पष्ट सांगतो. मोपा होऊ दे, गोव्याला दोन विमानतळ जड नाहीत. पण दाबोळीचं नागरी टर्मिनल बंद होता कामा नये. पन्नासहून जास्त वर्षं एका धावपट्टीवर दोन कामं सांभाळायची जी घडी बसली आहे, ती कागदावर बसत नाही. ती टॉवरमधल्या माणसांत आणि एप्रनवरच्या माणसांत बसलेली असते. ती एकदा उठली की परत बसत नाही.

१०.३०

आमच्या हातात काम आहेच. ट्रॉल्यांच्या चाकांना ग्रीस, उभ्या विमानाला वीज पुरवणाऱ्या जीपीयूचं डिझेल, बेल्ट लोडरची तपासणी. ती मी स्वतः करतो, दोन वर्षांपासून. पक्ष्यांची नोंदही याच वेळात होते. एप्रनवर घार, टिटवी, बगळा दिसला की वहीत वेळ आणि जागा लिहायची.

पक्ष्यांचं आता सगळ्यांनी मनावर घेतलं आहे. गेल्या महिन्यात, १६ नोव्हेंबरला, इथून उडालेलं एक मिग-२९के प्रशिक्षण विमान पक्षी धडकल्यावर वेर्ण्याजवळ कोसळलं. दोन्ही वैमानिक बाहेर उडी घेऊन वाचले, आणि विमान वस्तीपासून लांब पडलं. जून महिन्यात एका मिगची इंधनाची टाकी धावपट्टीवर सुटून पेटली, दोन-तीन तास सगळं बंद. अशा वेळी नागरी विमानांचे स्लॉट गेले म्हणून आमच्याकडे ओरड होते. पण त्या दिवशी एप्रनवरून काळ्या धुराकडे बघताना आमच्या गँगमधल्या कोणाच्याही तोंडून स्लॉट हा शब्द निघाला नाही. सगळे एकच विचारत होते, वैमानिक ठीक आहे ना?

सुरतेलाही जनावराचा प्रश्न होताच. ६ नोव्हेंबर २०१४ला उड्डाण घेणाऱ्या एका विमानाची धावपट्टीवर आलेल्या म्हशीशी टक्कर झाली. माणसं वाचली, म्हैस मेली, इंजिनाला मार लागला. कुंपण म्हणजे काय, हे त्या दिवसापासून मला कोणी शिकवायची गरज उरली नाही.

१२.४०

पलीकडचे आवाज विरळ होतात. मिग उतरतात, एखादं डॉर्निअर समुद्रावरून परत येतं. टर्मिनलमध्ये मात्र गर्दी भरत आलेली. हॉटेलं दुपारी बाराला खोल्या सोडायला लावतात, ती सगळी माणसं इथे. आम्ही बेवर उभे. चोक पायाशी, कोन हातात, पाणी पिऊन घेतलेलं.

१.००

धावपट्टी आमची.

१.०५ ते ३.३०

या अडीच तासांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कारण बघायला उसंत नसते. एकापाठोपाठ एक विमान. चोक, कोन, जीपीयू, शिडी, होल्ड, बॅगा, लोडशीट, होल्ड बंद, पुशबॅक, लाल फीत. पंचवीस-तीस मिनिटांत एक विमान रिकामं करून भरायचं, की पुढचं. डांबर तापलेलं, बुटांच्या तळातून कळतं. दोन नंबर बेवर एक मुलगा बेशुद्ध होता होता वाचला, त्याला सावलीत बसवून लिंबूसरबत दिलं, त्याच्या जागी मी होल्डमध्ये शिरलो. गुडघे अजून साथ देतात.

चार्टरचे बे मात्र यंदा मोकळे दिसतात. सप्टेंबरमध्ये ब्रिटनची थॉमस कुक कंपनी बुडाली. मँचेस्टर आणि गॅटविकहून येणारी तिची विमानं इथे दर हिवाळ्यात यायची. वर्षानुवर्षं तेच आजी-आजोबा, त्याच शॅकवर, त्याच खोलीत उतरायला. एक म्हातारी बाई शिडी उतरली की खाली उभ्या असलेल्या प्रत्येक लोडरला हात जोडून नमस्कार करायची. यंदा ती आली नाही. तिला ठाऊक तरी असेल का, की आम्हाला तिची आठवण येते?

३.४५

सुरतचं विमान. हे मी दुसऱ्या कोणाला देत नाही.

शिडीवरून उतरणाऱ्यांत व्यापारी असतात, हिरे कारखान्यातली तरुण पोरं असतात, आणि आज एक म्हातारं जोडपं होतं. आजोबांच्या डोक्यावर पांढरी टोपी, आजींचं नऊवारी. आजोबा शेवटच्या पायरीवर थांबले, धावपट्टीपलीकडे उभ्या असलेल्या करड्या विमानांकडे बघितलं आणि खिशातून फोन काढला.

मी पुढे झालो. “आजोबा, इथे फोटो नाही काढायचा. लष्कराची जागा आहे.”

त्यांनी लगेच फोन आत ठेवला. मग माझ्या छातीवरच्या पासवरचं आडनाव वाचलं. “खान्देशना शेस का भाऊ?”

“हो आजोबा. घर उधन्याला.”

आजींनी पिशवीत हात घातला आणि नानखटाईचा पुडा काढला. एप्रनवर प्रवाशाकडून काही घ्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही. मी हात जोडले, नियम सांगितला. आजींना वाईट वाटलं असावं. पण आजोबा त्यांना म्हणाले, ड्युटीवर आहे पोरगा, आणि त्यांचा हात धरून बसकडे गेले. बसच्या काचेतून आजींनी पुडा मला दाखवला, लहान मुलाला दाखवतात तसा.

होल्डमध्ये साड्यांचे गठ्ठे होते, गोणपाटात शिवलेले, वर निळ्या शाईने पत्ता. त्यांना कांजी आणि नव्या कापडाचा जो वास येतो, तो आमच्या गल्लीचा वास आहे. मुलांना म्हटलं, हे सावकाश उतरवा.

५.२०

सुट्टी. पास खिशात, जॅकेट पाठीवर. बोगमाळोच्या रस्त्याने घरी जातो, तिथे नौदलाचं विमान संग्रहालय आहे. आवारात एक जुनं सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, तीन शेपट्यांचं. हे एके काळी माणसं वाहायचं, मग नौदलात समुद्रावर गस्त घालायचं. शाळेची मुलं त्याच्या पोटाखाली डबे खात बसली होती. उद्या मुक्ती दिन, कुठेतरी तिरंगी पताका बांधायचं काम चालू होतं.

संध्याकाळी सात वाजता वडिलांची रातपाळी लागते. साठी उलटली तरी ते ऐकत नाहीत. पाळीवर जायच्या आधी ते फोन करतात, रोज.

“सुटला का?”

“सुटलो, दादा.”

“साडेआठच्या आत गेली का सगळी?”

“गेली. एकात बॅग शोधावी लागली, पण गेली.”

पुढचं त्यांनी काहीतरी विचारलं, ते ऐकू आलं नाही. ते कारखान्याच्या दारात पोचले होते, लूमचा खडखडाट फोनमधून येत होता. इकडे डोक्यावरून एक विमान उतरत होतं. दोघांनीही फोन तसाच कानाला धरून ठेवला.